जुन्या लॅपटॉपसाठी बूटेबल पेनड्राइव्ह: आधी काय, नंतर काय आणि नेमकं कुठे अडतं

बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून लॅपटॉप चालू करून नवी विंडोज किंवा लिनक्स टाकता येते असा) बनवला, लॅपटॉपला लावला, चालू केला आणि परत तीच जुनी विंडोज उघडली. नाहीतर सगळं अगदी व्यवस्थित झालं आणि संध्याकाळी घरातून प्रश्न आला की डी ड्राइव्हमधले लग्नाचे फोटो कुठे गेले. फॉरमॅट मारताना फसलेले लोक बहुतेक या दोनपैकी एका प्रकारात मोडतात आणि दोन्हींचं कारण सारखंच, पेनड्राइव्हला हात लावायच्या आधी जी कामं करायची असतात ती केलेली नसतात. पेनड्राइव्ह बनवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. म्हणून खाली त्याचा नंबर पाचवा आहे, वरचे चार टप्पे सोडून थेट तिथे उडी मारू नका.

डोळ्यासमोर साधारण २०१२ ते २०१६ मधला लॅपटॉप धरलाय, म्हणजे आय३ नाहीतर पेंटियम, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क आणि चार्जर काढला की दोन मिनिटांत मान टाकणारी बॅटरी.

## टप्पा १: टाकायचं काय ते आधी ठरवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, त्यापुढे काही नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासूनचाच प्रोसेसर चालतो, त्यामुळे आपला लॅपटॉप अधिकृत यादीत बसत नाही. रूफस (बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) वापरून ती तपासणी टाळता येते हे खरं, पण ४ जीबी रॅम आणि फिरत्या डिस्कवर विंडोज ११ म्हणजे स्टार्ट मेनू उघडायला सुद्धा वाट बघायची, आणि कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या मशीनवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती बूटच होत नाही.

ब्राउझर, यूट्यूब, मुलांचा अभ्यास, पीडीएफ आणि थोडंफार टायपिंग एवढंच काम असेल तर माझ्या मते सरळ लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम) टाका आणि त्यातली एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ४ जीबी रॅम तिला पुरते.

पण टॅली चालवायची असेल, डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावून टेंडर भरायचं असेल किंवा एखादं जुनं बायोमेट्रिक मशीन जोडायचं असेल तर लिनक्सच्या नादाला लागू नका. तिथे विंडोज १०च टाका आणि त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करणं शक्यतो टाळा.

सावधान: दुकानातून किंवा टेलिग्रामवरून मिळालेली "ऑल इन वन, आधीच ॲक्टिव्हेट केलेली" आयएसओ (ओएस टाकायची पूर्ण फाइल) वापरायची नाही. तिच्यात आणखी काय भरलंय हे ती बनवणाऱ्यालाच माहीत असतं.

## टप्पा २: जुनी विंडोज उघडतेय तोवर माहिती कागदावर लिहून घ्या

कागदावरच लिहा, त्याच लॅपटॉपच्या नोटपॅडमध्ये नको. (हसू नका, लोक करतात.)

विंडोज आणि आर ही दोन बटणं एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत एमएसइन्फो३२ असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. सिस्टिम समरीचं पान उघडेल, त्यातल्या तीन ओळी लिहून घ्यायच्या:

- सिस्टिम मॉडेल. पुढे ड्रायव्हर (वायफाय, आवाज वगैरे चालवणारं सॉफ्टवेअर) शोधायला हेच नाव लागतं. झाकणावरचं नाव बऱ्याचदा अर्धवट असतं.
- सिस्टिम टाइप. इथे एक्स६४ दिसलं तर उत्तम. एक्स८६ म्हणजे आत्ता टाकलेली विंडोज ३२ बिटची आहे, पण प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो, तेव्हा प्रोसेसरचं पूर्ण नाव घेऊन इंटेलच्या साइटवर बघा. प्रोसेसरच ३२ बिटचा निघाला तर थांबा, मिंटची मुख्य आवृत्ती २० पासून फक्त ६४ बिटमध्येच येते.
- बायॉस मोड. बायॉस म्हणजे लॅपटॉप चालू होताना ओएसच्याही आधी चालणारा प्रोग्राम. इथे लेगसी लिहिलेलं असेल नाहीतर यूईएफआय.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच कोणी बघत नाही. लॅपटॉप चालू झाल्यावर डिस्कवरची ओएस कशी शोधायची याच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. लेगसीवाली विंडोज एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर बसते आणि यूईएफआयवाली जीपीटी पद्धतीच्या. विंडोजचा पेनड्राइव्ह एका पद्धतीचा आणि लॅपटॉप दुसऱ्या पद्धतीवर असला की पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नाही, नाहीतर दिसतो पण शेवटी डिस्क निवडताना एरर येतो. २०१२ आधीचे लॅपटॉप बहुतेक लेगसी असतात, विंडोज ८ सोबत आलेले बहुतेक यूईएफआय. पण मधल्या काळात कोणी तरी दुकानातून विंडोज ७ टाकून घेतलेली असेल तर यूईएफआयचा लॅपटॉपसुद्धा लेगसीवर ठेवलेला असतो, म्हणून अंदाजाने जाऊ नका, ओळ बघा.

आता लायसन्स. विंडोज ८ किंवा त्यानंतरची ओएस घेऊन आलेल्या लॅपटॉपची की बायॉसमध्येच साठवलेली असते, टाइप करायला लागत नाही. विंडोज ७ वाल्यांची खाली स्टिकरवर असते, कधी बॅटरीच्या खाचेत, आणि बऱ्याचदा घासून पुसट झालेली. ती ७ ची की टाकून १० ॲक्टिव्हेट करायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली. १० आधीच ॲक्टिव्हेट असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउटमध्ये जाऊन एडिशन लिहून घ्या. आपल्याकडे विकलेल्या लॅपटॉपवर बहुतेक होम सिंगल लँग्वेज असते, आणि लोक प्रो टाकून बसतात आणि मग ॲक्टिव्हेट होत नाही म्हणून डोकं धरतात.

आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का? चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून लिहून ठेवा, कारण बायॉसमध्ये काही बदललं की तो ती मागतो. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय चिपचं नाव बघा, ब्रॉडकॉम असेल तर त्यावर गोल करा, पुढे लागेल.

### तपासणी: डिस्क जिवंत आहे का?

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. निळा किंवा हिरवा रंग आणि गुड आलं तर पुढे जा. पिवळं कॉशन आलं किंवा रिॲलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरच्या ओळींत आकडे दिसले तर लॅपटॉप स्लो झाला होता तो ओएसमुळे नाही, डिस्क जायला आलीय. अशा डिस्कवर नवी ओएस टाकणं म्हणजे महिन्याभरात हेच सगळं परत करणं. २५६ जीबीची साधी २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, टप्पा ३ चा बॅकअप आणि टप्पा ५ चा पेनड्राइव्ह झाला की ती बसवा आणि मग पुढचे टप्पे करा. डिस्क ठणठणीत असली तरी पैसे जमत असतील तर एसएसडी टाकाच, जुन्या लॅपटॉपला दुसऱ्या कुठल्याच खर्चाने इतका फरक पडत नाही. शिवाय जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला राहते, तो तुमचा आणखी एक बॅकअप.

## टप्पा ३: बॅकअप, आणि त्यात लोक काय विसरतात

पहिली गोष्ट, डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नव्हे. एकाच डिस्कचे दोन वाटे केलेले असतात. "डेटा डी मध्ये आहे, फक्त सी फॉरमॅट होईल" हे फक्त तेव्हाच खरं जेव्हा इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन तुम्ही स्वतः बरोबर निवडता. मिंटमध्ये "इरेज डिस्क" निवडलं की सी, डी, ई सगळं एका फटक्यात जातं.

त्यामुळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स लोकांच्या लक्षात असतं, डेस्कटॉपवरच्या फाइली मात्र राहतात कारण त्या समोरच दिसत असतात. आउटलुक वापरत असाल तर डॉक्युमेंट्सच्या आतलं आउटलुक फाइल्स नावाचं फोल्डर घ्या. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड अकाउंटमध्ये सिंक झालेत का ते फोनवर उघडून बघा. टॅलीत कंपनी सिलेक्ट करायच्या स्क्रीनवर डेटा कुठल्या फोल्डरात आहे तो पाथ दिसतो, ते पूर्ण फोल्डर उचला, टॅलीतून वेगळा बॅकअप पण काढा आणि लायसन्स सरेंडर करून घ्या.

आता खास मराठी भानगड. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सुरेख असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली ज्यांच्याकडे आहेत, म्हणजे सोसायटीचे ठराव, शाळेच्या प्रश्नपत्रिका, वडिलांच्या कविता, दहा वर्षांचे अर्ज, त्यांनी हे नीट वाचा. या फाइलींमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि त्यांना मराठी रूप तो फॉन्ट देतो. फॉन्ट गेला की तीच वर्ड फाइल नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून उघडते आणि लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. फॉन्ट नवीन शोधून टाकला तरी आवृत्ती वेगळी असली तर काही जोडाक्षरं हमखास बदलतात.

म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स फोल्डर उघडा, तिथले सगळे मराठी फॉन्ट सिलेक्ट करून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आणि जी कागदपत्रं खरोखर महत्त्वाची आहेत ती फॉरमॅट मारायच्या आधी वर्डमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे निदान वाचता तरी येतं. हे काम कंटाळवाणं आहे पण नंतर करताच येत नाही.

विंडोज उघडतच नसेल तर? दुसऱ्याच्या लॅपटॉपवर टप्पा ४ आणि ५ करून मिंटचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून लाइव्ह बूट करा (टप्पा ७ बघा), काहीही इन्स्टॉल न करता फाइल मॅनेजरमधून जुनी डिस्क उघडा आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी मारा. शेवटी विंडोज टाकायची असली तरी हा मार्ग चालतो.

तपासणी: बाहेरची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि चार-पाच फाइली उघडून बघा, त्यात निदान एक मोठा व्हिडिओ असू दे. फोल्डरची नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं.

## टप्पा ४: आयएसओ आणि पेनड्राइव्ह

मिंटची आयएसओ त्यांच्या अधिकृत साइटवरून घ्या, साधारण ३ जीबीच्या आसपास असते. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल उतरवा, त्यात "दुसऱ्या पीसीसाठी" हा पर्याय घ्या आणि आयएसओ फाइल निवडा. तेच टूल थेट पेनड्राइव्हसुद्धा बनवून देतं, पण आयएसओ हातात असली की काही चुकल्यावर परत सगळा डाउनलोड करावा लागत नाही.

मोबाइल डेटावर उतरवत असाल तर फाइल अर्धवट तुटायची शक्यता जास्त. म्हणून पडताळा घ्या: रूफस उघडा, आयएसओ सिलेक्ट करा, सिलेक्टच्या शेजारी बरोबरची खूण असलेलं छोटं बटण आहे ते दाबा. तो एसएचए२५६ चा लांबलचक आकडा काढून देतो. मिंटच्या साइटवर तोच आकडा दिलेला असतो. सुरुवातीची आणि शेवटची सात-आठ अक्षरं जुळली तर डाउनलोड धड झालाय. नाही जुळली तर फाइल डिलीट करा आणि परत उतरवा, "चालून जाईल" असं म्हणू नका, कारण ती फाइल ऐंशी टक्क्यांवर इन्स्टॉल होताना फुटते आणि तोपर्यंत जुनी ओएस पुसलेली असते.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, १६ चा असला तर बरं. त्यातलं सगळं पुसलं जाणार. रस्त्यावर किंवा सेलमध्ये स्वस्तात मिळालेला "५१२ जीबी"चा पेनड्राइव्ह या कामाला आणू नका, त्यातले बरेच आतून लहान असतात आणि खोटा आकडा दाखवतात. शंका असेल तर रूफसच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत बॅड ब्लॉक तपासायची टिक आहे, ती लावली की असला बनावट माल पकडला जातो, फक्त वेळ बराच खातो.

## टप्पा ५: रूफसने पेनड्राइव्ह बनवणं

आधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर आणि बॅकअपची हार्ड डिस्क काढून ठेवा. मग रूफस उघडा.

1. डिव्हाइसमध्ये तुमचा पेनड्राइव्ह दिसतोय का ते नाव आणि साइज वाचून खात्री करा.
2. सिलेक्ट दाबून आयएसओ निवडा.
3. पार्टिशन स्कीम. मिंटसाठी एमबीआर ठेवा, टार्गेट सिस्टिममध्ये बायॉस किंवा यूईएफआय असं दोन्ही येतं आणि पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालतो. विंडोजसाठी टप्पा २ मधला कागद काढा: लेगसी असेल तर एमबीआर, यूईएफआय असेल तर जीपीटी.
4. फाइल सिस्टिमला हात लावू नका. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही म्हणून विंडोजच्या आयएसओसाठी रूफस कधी कधी आपणहून एनटीएफएस घेतो, त्याला घेऊ द्या.
5. पर्सिस्टंट पार्टिशनची पट्टी शून्यावरच ठेवा, इन्स्टॉल करायला ती लागत नाही.
6. स्टार्ट. मिंटच्या वेळी आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतो, आयएसओ मोड घ्या. एखादी जादा फाइल डाउनलोड करू का विचारलं तर हो म्हणा, नेट चालू असू द्या.

पट्टी भरून रेडी दिसेपर्यंत थांबा. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर ती मधेच अडकल्यासारखी वाटते, अडकलेली नसते. मग टास्कबारमधून इजेक्ट करूनच पेनड्राइव्ह काढा.

नेहमीची चूक: आयएसओ फाइल कॉपी करून पेनड्राइव्हमध्ये पेस्ट करणं. त्याने पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही, तिथे फक्त एक मोठी फाइल पडून राहते. (व्हेंटॉय नावाचं टूल आधी पेनड्राइव्हवर टाकलेलं असेल तरच पेस्ट करून चालतं, पण जुन्या मशीनवर पहिल्यांदाच करताय तर रूफसच बरा.)

तपासणी: पेनड्राइव्ह परत लावून उघडा. आत बरीच फोल्डरं दिसायला हवीत. एकच आयएसओ फाइल दिसली तर गडबड आहे.

## टप्पा ६: लॅपटॉपला पेनड्राइव्हवरून उठवणं

सगळ्यात जास्त लोक इथे हरतात, आणि अर्धे फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि पुन्हा चालू करताना इतक्या घाईत उठतं की बूट मेनूचं बटण दाबायला वेळच मिळत नाही. म्हणून शट डाउन करायचं नाही, रिस्टार्ट करायचं. स्क्रीन काळी झाली की बूट मेनूचं बटण टिकटिक दाबत राहायचं, दाबून धरायचं नाही.

साधारण बटणं अशी: एचपीला एस्केप आणि मग एफ९, डेलला एफ१२, लेनोव्होला एफ१२ नाहीतर चार्जिंगच्या पिनजवळ किंवा कडेला असलेलं नोव्हो नावाचं बारीक भोक (पिनने दाबायचं, लॅपटॉप बंद असताना), एसुसला एस्केप. एसरला एफ१२, पण ते बऱ्याचदा बंद ठेवलेलं असतं, आधी एफ२ ने बायॉसमध्ये जाऊन एफ१२ बूट मेनू चालू करायला लागतो. काही लॅपटॉपवर एफच्या बटणांसोबत एफएन पण दाबावं लागतं.

बायॉसमधला कायमचा बूट ऑर्डर बदलण्यापेक्षा हा एकदाच येणारा मेनू वापरा. कायमचा बदलला की इन्स्टॉल अर्ध्यात रिस्टार्ट झाल्यावर पेनड्राइव्ह परत पहिल्यापासून सुरू होतो आणि लोक त्या चक्रात फिरत बसतात.

मेनूत पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, एकात पुढे यूईएफआय लिहिलेलं असतं आणि एकात नसतं. कागदावर जो मोड आहे तोच निवडा.

दिसतच नसेल तर या क्रमाने बघा: पोर्ट बदला, निळ्या यूएसबी ३ ऐवजी काळा यूएसबी २ चा पोर्ट घ्या, यूएसबी हब वापरू नका, थेट लावा, बायॉसमध्ये यूएसबी बूट बंद आहे का बघा, मग सिक्युअर बूट (ओळखीची ओएसच चालू होऊ देणारी सोय) तात्पुरतं बंद करून बघा. बिटलॉकरची की लिहिलेली नसेल तर या शेवटच्याला हात लावू नका.

तारीख बघा. बायॉसमध्ये शिरलाच आहात तर तारीख किती दाखवतंय ते वाचा. २००९ किंवा असलंच काही दिसत असेल तर आतला बायॉसचा छोटा सेल संपलाय. तारीख चुकीची असली की पुढे ब्राउझरमध्ये प्रत्येक साइट असुरक्षित म्हणून अडवली जाते आणि दोष नव्या ओएसला दिला जातो. आत्ता हाताने तारीख दुरुस्त करा, सेल सवडीने बदला.

## टप्पा ७: इन्स्टॉल

चार्जर लावलेला हवा. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावा, आणि ज्या वारी तुमच्याकडे लाईट जाते त्या वारी हे काम काढूच नका. पार्टिशन लिहीत असताना मशीन बंद पडलं की मग ना जुनी ओएस राहते ना नवी.

### मिंट टाकत असाल तर

पेनड्राइव्हवरून मिंट पूर्ण उघडतं, डिस्कला न शिवता. लगेच इन्स्टॉलच्या आयकॉनवर क्लिक करू नका. आधी आवाज, कॅमेरा, टचपॅड, वायफाय बघा. एखादा व्हिडिओ चालवा. स्क्रीन काळीच राहिली तर रिस्टार्ट करून सुरुवातीच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड घ्या, एनव्हिडियावाल्या लॅपटॉपवर हे लागतं. वायफाय दिसत नसेल आणि कागदावर ब्रॉडकॉमला गोल केलेला असेल तर घाबरू नका, फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा, नेट येतं. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्याच नेटवर वायफायचा ड्रायव्हर घ्यायचा.

मग इन्स्टॉल सुरू करा. भाषा मराठीसुद्धा निवडता येते, पण माझा सल्ला इंग्रजी ठेवा, काही एरर आला तर शोधायला सोपं जातं. मल्टिमीडिया कोडेकची (व्हिडिओ आणि गाणी चालायला लागतात) टिक लावा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतो, तो लिहून ठेवा, पहिल्या रिस्टार्टला निळी स्क्रीन येते तिथे एनरोल निवडून तोच द्यायचा असतो. घाईत कंटिन्यू दाबलं तर काही ड्रायव्हर चालत नाहीत.

पुढचा पर्याय इरेज डिस्क. आधी ज्या डिस्कवर टाकायचंय तिचं नाव आणि साइज दिसतंय ना ते बघा. डिस्कच दिसत नसेल तर बायॉसमध्ये साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) आरएआयडी किंवा इंटेल आरएसटी असतो, तो एएचसीआय करा आणि पेनड्राइव्हवरून परत बूट करा. विंडोज सोबत ठेवून डबल बूट करायचा मोह होतो, पण डिस्क जुनी असेल आणि विंडोजची खरंच गरज नसेल तर नका करू.

टाइमझोन कोलकाता, युजरनेम लहान इंग्रजी अक्षरांत, पासवर्ड लक्षात राहील असा. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतो, काढा आणि दाबा.

### विंडोज १० टाकत असाल तर

की विचारली आणि तुमच्याकडे नसली तर "माझ्याकडे की नाही" निवडा, पुढे एडिशनमध्ये कागदावरचीच निवडा. बायॉसमध्ये की असेल तर बहुतेक वेळा हे विचारतच नाही. मग कस्टम निवडा.

आता पार्टिशनची यादी येते. इथे सी, डी अशी नावं दिसत नाहीत, फक्त नंबर आणि साइज दिसतात, म्हणून चुकीचं पार्टिशन उडतं. बॅकअप तपासलेला असेल तर सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट करा, अनॲलोकेटेड अशी एकच ओळ उरली की ती निवडून नेक्स्ट. इन्स्टॉलर हवी ती पार्टिशन स्वतः करतो. "या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, एमबीआर पार्टिशन टेबल आहे" असा एरर आला तर पेनड्राइव्ह यूईएफआयने बूट झालाय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. सगळं डिलीट करणार असाल तर हा एरर आपोआप जातो. डी ठेवायचा असेल तर बाहेर पडा आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या मोडसाठी परत बनवा.

पहिला रिस्टार्ट होताना पेनड्राइव्हवरून बूट करायला "कुठलंही बटण दाबा" असं येतं, तेव्हा काहीही दाबू नका. त्या वेळी पेनड्राइव्ह काढलात तरी चालतं.

अकाउंट बनवताना नेट जोडलेलं नसेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय लोकल युजर करता येतो.

## टप्पा ८: नंतरची कामं

आधी अपडेट पूर्ण होऊ द्या, एक-दोन रिस्टार्ट लागतात. विंडोजमध्ये बरेचसे ड्रायव्हर अपडेटमधूनच येतात, जे राहिले तेवढेच कंपनीच्या साइटवरून कागदावरचं मॉडेल टाकून घ्या. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, ती बाकीचा कचरा घेऊन येतात. सिक्युअर बूट बंद केलं असेल तर परत चालू करा.

मिंटमध्ये मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये लेआउट वाढवा, मराठीचा इनस्क्रिप्ट तिथे आहे. जुने मराठी फॉन्ट वापरायचे असतील तर बॅकअपमधल्या फॉन्ट फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) त्या फाइली उघडतात, फक्त मजकुराची मांडणी थोडी हलते.

पेनड्राइव्ह आठवडाभर तसाच ठेवा, काही बिघडलं तर तोच कामाला येतो. नंतर तो साध्या वापरासाठी फॉरमॅट करताना साइज कमी दिसली किंवा दोन ड्राइव्ह दिसले तर खराब झाला म्हणून फेकू नका. रूफस उघडा, बूट सिलेक्शनमध्ये नॉन बूटेबल घ्या, स्टार्ट दाबा, पूर्ण साइज परत येते. बॅकअपची डिस्क त्या वेळीसुद्धा काढून ठेवलेली असू द्या.